क्लचच्या पाइपचे गंजलेले नट : माझदा एमएक्स-५ (१९९५), कामाच्या नोंदी

गाडी माझदा एमएक्स-५, १९९५ सालची, १.८ लिटर इंजिन, पाच गिअरची. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. काम मिशिगनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये, गाडी जॅक स्टँडवर ठेवून केले. क्लच प्लेटचा संच, स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा), मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तो दाब तयार करणारा) आणि त्यांना जोडणारी नळी बदलणे असे कामाचे स्वरूप होते. गिअरबॉक्स कसा उतरवायचा याची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून तो भाग येथे थोडक्यात उरकला आहे. माझा वेळ आणि पैसा गेला तो पाइपांच्या दहा मिलिमीटरच्या नटांवर, आणि नोंदीही प्रामुख्याने त्यांच्याच आहेत.

१२ एप्रिल २०२५

हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढताना पहिला गिअर पडेना आणि रिव्हर्स टाकताना दात घासल्याचा आवाज येऊ लागला. पेडल भराभर दोनचार वेळा मारले की गिअर नीट पडत होता. मात्र पेडल दाबून धरले की काही क्षणांत गाडी आपोआप पुढे ओढ घेत होती. म्हणजे दाब तयार होत होता, पण टिकत नव्हता. क्लचच्या टाकीतले तेल शाईसारखे काळे झाले होते. गाडीखाली जाऊन स्लेव्हच्या टोकावरचे रबरी टोपण किंचित उचलले, तर आतून तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आला. वर पेडलपाशी मास्टरच्या दांड्यालाही ओल होती. क्लच गेल्या शरद ऋतूपासूनच चढावर वरच्या गिअरमध्ये घसरत होता, त्यामुळे प्लेटही आताच बदलायची ठरवली.

या गाडीचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर, उजव्या बाजूला, बारा मिलिमीटरच्या दोन बोल्टांवर बसतो. पुष्कळ नव्या स्पोर्ट्स गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आत, रिलीज बेअरिंगसह एकत्र असतो आणि तो गळला की गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हातच पोहोचत नाही. त्या मानाने येथे रचना दयाळू आहे.

तेलाची वाट अशी आहे : मास्टरपासून एक लांब पोलादी पाइप इंजिनामागच्या पत्र्यावरून उजवीकडे येतो. तेथे एका ब्रॅकेटवर तो रबरी होजला मिळतो, आणि होजच्या खालच्या टोकापासून एक आखूड, वाकवलेला पोलादी पाइप स्लेव्हमध्ये शिरतो. वरचा लांब पाइप अजून बरा होता, त्यावर फक्त वरवरची तांबूस झाक होती. खालचा आखूड पाइप मात्र पापुद्रे सुटण्याइतका गंजला होता. आधीच्या मालकाने ही गाडी हिवाळ्यातही चालवली होती. आमच्याकडे रस्त्यांवरचे बर्फ वितळवायला मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची खाणच आहे, त्यामुळे त्याला तोटा नाही. पुण्या-नाशिकच्या गाड्यांना हा त्रास सहसा होत नाही. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राच्या वाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्यांना मात्र खालच्या पाइपांची ही अवस्था ओळखीची वाटेल.

सामान मागवताना एक काळजी घ्यावी. १९९३ पर्यंतच्या १.६ लिटरच्या गाडीत क्लच प्लेट २०० मिलिमीटरची असते, १९९४ पासूनच्या १.८ मध्ये २१५ मिलिमीटरची. विक्रेत्याच्या यादीत दोन्ही एकाच मथळ्याखाली दिसतात.

१३ एप्रिल

पहिला बेत एवढाच होता की स्लेव्ह बदलायचा आणि आखूड पाइप तसाच परत वापरायचा. त्यासाठी स्लेव्हमध्ये शिरणारा नट सुटणे आवश्यक होते.

नटाभोवतीचा गंज वायर ब्रशने घासून काढला. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळल्यास पाना नटावर पूर्ण बसत नाही आणि कोपऱ्यांवरच टेकतो. त्यानंतर गंजात झिरपणारे तेल लावले. डब्ल्यूडी-४० मुळात ओल हटवण्यासाठी बनवलेले आहे, घट्ट गंजात ते फारसे उतरत नाही. पीबी ब्लास्टर किंवा क्रॉइल यांसारखे याच कामासाठीचे तेल घ्यावे. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळून वापरणारेही पुष्कळ आहेत. ते मिश्रण झिरपते छान, पण फार ज्वालाग्राही असते आणि रंगाला व रबराला सोसत नाही, म्हणून मी ते टाळले.

तेल आट्यांच्या बाजूला, म्हणजे नट जेथे स्लेव्हला भिडतो तेथे लावले. रोज संध्याकाळी पुन्हा लावत राहिलो. ही जागा चुकीची होती, याचे कारण २७ तारखेच्या नोंदीत आहे.

१९ एप्रिल

गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेतली आणि फ्लेअर नट पाना लावला (फ्लेअर म्हणजे पाइपचे रुंदावलेले टोक). हा पाना रिंग पान्यासारखाच असतो, फक्त पाइपवरून सरकवता यावा म्हणून त्याला एका बाजूने फट ठेवलेली असते. साधा उघडा पाना नटाच्या दोनच पैलूंना धरतो, हा पाच पैलूंना धरतो. मात्र ही फटच त्याचा कच्चा दुवा असते. माझ्याकडचा पाना एका स्वस्त संचातला, पातळ जबड्याचा होता. जोर दिला तेव्हा नट हलल्यासारखा वाटला. प्रत्यक्षात पान्याचा जबडा उघडत होता. फटीची दोन टोके डोळ्यांदेखत एकमेकांपासून दूर गेली आणि नटाचे दोन कोपरे चंदेरी होऊन गोल झाले.

दुपारी जाड जबड्याचा, सहा पैलूंचा पाना आणला. दोन्ही पाने शेजारी धरले की फरक कळतो : चांगल्या पान्यात फटीजवळ धातू जास्त जाड ठेवलेला असतो. बारा पैलूंचा पाना अशा नटावर अजिबात वापरू नये. नव्या पान्याने आधी नट घट्ट करण्याच्या दिशेने किंचित ढकलला, मग सोडण्याच्या दिशेने. गंजाची पकड तोडायला हा उपाय चांगला आहे, आणि येथेही नट खरोखरच फिरला.

पण त्याच्याबरोबर पाइपही फिरत होता. नटामागे इंचभर अंतरावर पाइपवर पिळाची एक तिरपी रेघ उमटली आणि तिच्यावरचा गंज टवका होऊन खाली पडला. पुढे मागे हलवत राहिलो, तर पीळ पुढे सरकत राहिला, नट मात्र पाइपला चिकटूनच होता. शेवटी पिळाच्या जागी तेलाचा थेंब दिसला. आखूड पाइप संपला होता. सबंध दिवस खर्ची पडला आणि हातात आला तो उघडलेल्या जबड्याचा एक पाना.

२० एप्रिल

आता बर्नर लावून नट तापवावा, असा विचार आला. तो का सोडला ते लिहून ठेवतो, कारण व्हिडिओंमध्ये हा उपाय सर्रास दाखवतात. क्लचच्या पाइपातले तेल म्हणजे ब्रेक फ्लुइडच, आणि ते पेट घेऊ शकते. पाइपमध्ये तेल असताना नट तापवला तर आतले तेल उकळून चिरेतून उकळत्या फवाऱ्यासारखे बाहेर येते. जवळच रबरी होज आहे. शिवाय आदल्या दिवशी तो भाग मी ब्रेक क्लीनरने धुतला होता. ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त असेल तर त्याच्या अंशावर ज्योत धरल्याने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. तापवण्याच्या जागेच्या आसपासही ब्रेक क्लीनर वापरू नये.

त्यापेक्षा शांतपणे यादी केली की यातले काय टाकायचे आहे आणि काय राखायचे आहे. स्लेव्ह नवा येणार आहे. आखूड पाइप गेलाच आहे. होज तीस वर्षांचा आहे, तोही बदलणेच शहाणपणाचे. मग स्लेव्हचा नट सोडवण्याचे कारणच उरत नाही. पाइप कापावा आणि स्लेव्ह नटासकट काढून टाकावा. राखायचा आहे तो एकटा वरचा लांब पाइप, कारण तो इंजिनामागून वळणे घेत जातो आणि इंजिन जागेवर असताना नवा बसवणे जिकिरीचे आहे. त्यामुळे नाजूक हाताने सोडवायचे नट दोनच : होजच्या वरच्या टोकाचा आणि मास्टरचा. ही यादी १२ तारखेला केली असती तर कालचा दिवस वाचला असता.

आखूड पाइप आणि होज या दोहोंच्या जागी ब्रॅकेटपासून थेट स्लेव्हपर्यंत जाणारी, पोलादी जाळी चढवलेली एकच लवचीक नळी मागवली.

२६ एप्रिल

टाकीतले तेल मोठ्या सिरिंजने ओढून घेतले, खाली तसराळे ठेवले आणि आखूड पाइप बोल्ट कटरने कापला. स्लेव्हचे दोन्ही बोल्ट काढले आणि तो बाहेर आला. एका आठवड्यापूर्वी जे जमत नव्हते ते चहा गार होण्याच्या आत झाले.

वरच्या जोडावर जी युक्ती चालली ती सविस्तर लिहितो. ब्रॅकेटमध्ये होजचे धातूचे टोक एका चपट्या क्लिपने अडकवलेले असते आणि पलीकडून लांब पाइपचा नट त्यात आट्यांनी बसतो. प्रचलित पद्धतीत होजचे टोक धरून ठेवतात आणि नट फिरवतात. नट पाइपला चिकटलेला असेल तर या पद्धतीत पाइपला पीळ बसणारच. मी उलट केले. होज मध्यावर कापून टाकला, म्हणजे त्याचे टोक गोल फिरायला मोकळे झाले. क्लिप पकडीने उपटून टोक ब्रॅकेटच्या भोकातून होजच्या बाजूला सरकवून बाहेर घेतले. लांब पाइपला तेवढी लवचीकता असते, मात्र फार ओढू नये. त्यानंतर फ्लेअर पान्याने नट नुसता स्थिर धरला आणि होजचे टोक दुसऱ्या पान्याने फिरवले. नट जागचा हलला नाही, पाइप जागचा हलला नाही, होजचे टोक मात्र निघून आले. पाइपला पिळाचा ओरखडाही नव्हता.

नट गोल झालेला असला तरी ही पद्धत चालते, कारण त्याला फिरवायचे नसून फक्त धरायचे असते. त्यासाठी व्हाइस ग्रिपही (जबडा आवळून अडकवता येणारी पकड) पुरते. येथे तापवण्याची गरज पडली नाही.

पाइपच्या उघड्या टोकावर लगेच रबरी टोपी चढवली. ब्रेक फ्लुइड रंग उतरवते, त्यामुळे खालच्या चासीवर जेथे थेंब सांडले होते तेथे भरपूर पाणी ओतले. नुसते फडक्याने पुसणे पुरत नाही.

उरलेल्या वेळात गिअरबॉक्स उतरवला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट आधी काढावी लागते, आणि डिफरन्शियलच्या टोकाला बोल्टभोवतीचा स्पेसर तिच्यात अडकून बसतो. त्याला ठोकून बाहेर काढण्यात संध्याकाळ गेली. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली निघाली.

२७ एप्रिल

काढलेला स्लेव्ह व्हाइसमध्ये धरून, नक्की काय अडकले होते ते पाहिले. कापलेल्या पाइपचा खुंट नटाच्या जेमतेम बाहेर होता, त्यामुळे त्यावरून सहा पैलूंचे साधे खोल सॉकेट बसले. नट गोल झालेला असूनही सॉकेट ठोकून बसवल्यावर तो साध्या हातजोरात सुटला. आटे स्वच्छ होते, तळाशी तर धातूची चमकही होती. मग नट व्हाइसमध्ये धरून पाइपचा खुंट व्हाइस ग्रिपने फिरवून पाहिला, हातोडीने ठोकला. तो ढिम्म हलला नाही.

शेवटी हॅकसॉने नट उभा चिरला. नटाच्या मागच्या निम्म्या भागात, पाइप आणि नटाचे भोक यांच्यामधल्या अरुंद फटीत, गंजाची वीटकरी रंगाची एक घट्ट नळीच तयार झाली होती. पाण्याबरोबर मीठ आत येते ते मागच्या तोंडातून. तेथे ते साचते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने फट ठासून भरते. आट्यांचा यात काही दोष नव्हता. म्हणून झिरपणारे तेल नटाच्या मागच्या तोंडाला, पाइप जेथून आत शिरतो तेथे लावायला हवे. मी आठवडाभर ज्या बाजूला तेल घालत होतो ती मुळात मोकळीच होती.

हे कळल्यावर मास्टरच्या नटाकडे वळलो. ब्रेकच्या बूस्टरशेजारी जागा इतकी अडचणीची आहे की पूर्ण लांबीचा पाना फिरत नाही. तीन-आठांश इंची ड्राइव्हच्या दांड्यावर बसणारे क्रोफूट पद्धतीचे फ्लेअर तोंड घ्यावे लागले. तेल नटाच्या मागच्या बाजूने घातले, तासाभराने पुन्हा घातले आणि पाइपवर नटालगत लहान हातोडीने चहूबाजूंनी हलके टिचकावले, जेणेकरून तेल फटीत उतरावे. मग नट घट्ट दिशेने जरासा, सैल दिशेने जरासा, असा हलवत राहिलो. डावा हात पाइपवर ठेवला होता. आरंभी पाइप बोटांखाली नटाबरोबर वळत असल्याचे जाणवत होते. थोड्या वेळाने कुरकुर आवाज झाला, नट फिरला आणि बोटांखालचा पाइप स्थिर राहिला. येथून पुढे पान्याची गरज राहिली नाही.

बोटाने पाइप चाचपत राहणे हाच या कामातला खरा मापक आहे. नट किती फिरला याला महत्त्व नाही. पाइप वळत असेल तर थांबावे, तेल घालावे आणि उलट दिशेने जावे.

३ मे

फ्लायव्हील घासून आणले होते, ते बसवले. मधले पायलट बेअरिंग, मागचे तेलसील आणि रिलीज बेअरिंग नवी घातली. प्लेट मधोमध बसवायला संचातला प्लास्टिकचा दांडा पुरतो. गिअरबॉक्स वर चढवायला मित्र आला होता. हे काम एकट्याने करू नये.

नवी नळी बसवताना दोन गोष्टी पाळल्या. पहिली, स्लेव्हचे बोल्ट ढिले ठेवूनच नळीचा नट हाताने आट्यांत सुरू केला. स्लेव्ह आधी घट्ट केला तर नट तिरपा शिरतो आणि नव्या सिलिंडरचे आटे जातात. दुसरी, आट्यांना टेफ्लॉनची पट्टी लावली नाही. या जोडात तेल अडते ते फ्लेअरच्या तिरप्या बैठकीवर, आट्यांवर नव्हे. पट्टी लावल्यास तिचे तुकडे सिलिंडरमध्ये जाण्याचीच भीती असते. पाइपचे नट १३ ते २१ न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे असतात. एवढ्याशा नटाला हा जोर हाताला कमी वाटतो, पण त्यापुढे आवळल्याने गळती थांबत नाही, फ्लेअर चेपते.

लांब पाइपच्या दोन्ही नटांच्या मागच्या तोंडांत सिलिकोन ग्रीस भरले. फ्लेअरच्या तोंडाला ते लागू दिले नाही.

४ मे

हवा काढण्याचे काम. क्लचची टाकी ब्रेकच्या टाकीपेक्षा वेगळी आणि फार लहान आहे. ब्लीडर (स्लेव्हवरचा हवा सोडण्याचा स्क्रू) थोडा वेळ जास्त उघडा राहिला की ती रिकामी होते आणि मास्टर पुन्हा हवा ओढतो. आमचे तसेच झाले आणि अर्धी दुपार पाण्यात गेली. शेवटी पत्नी टाकीपाशी बाटली घेऊन उभी राहिली, मुलगी पेडलवर आणि मी खाली, ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेलात बुडवून. प्रत्येक वेळी पेडल तळाला गेल्यावर ब्लीडर बंद करायचा आणि मगच पाय उचलायचा, हा क्रम चुकू द्यायचा नाही.

तरीही पेडल मऊच राहिले. स्लेव्ह बोल्टांवरून सोडवून हातात घेतला, ब्लीडर सर्वांत वर येईल असा तिरका धरला आणि त्याचा दट्ट्या हाताने पूर्ण आत दाबून ठेवून पुन्हा हवा काढली. एक मोठा बुडबुडा निघाला. "बाबा, आता लागतंय पायाला," असे वरून ऐकू आले.

तेल नव्या, सीलबंद बाटलीतले डॉट-३ वापरले. हे तेल हवेतली ओल शोषते, त्यामुळे उघडी पडून राहिलेली जुनी बाटली वापरू नये.

११ मे

आठवडाभर गाडी चालवली. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू कागदाची पट्टी गुंडाळून ठेवली होती. सर्व पट्ट्या कोरड्या निघाल्या. गिअर आता एका झटक्यात पडतात.

खर्च, डॉलरमध्ये आणि ढोबळ : क्लच संच १७०, स्लेव्ह ३५, मास्टर ६०, जाळीची नळी ५०, फ्लायव्हील घासणावळ ५०, तेल आणि झिरपणारे तेल ३०. हत्यारांचे वेगळे : जाड फ्लेअर पाना २५, क्रोफूट तोंड १५. स्वस्त संच १२ डॉलरला घेतला होता, तो कचऱ्यात गेला. एका गॅरेजने याच कामाचे मजुरीसह १,४०० सांगितले होते आणि पाइप तुटल्यास त्याचे पैसे वेगळे पडतील, असेही बजावले होते. त्यांच्या त्या अटीबद्दल आता माझी तक्रार नाही.

मागच्या ब्रेकचे पाइपही त्याच मिठात भिजलेले आहेत आणि त्यांचे काम जूनमध्ये घ्यायचे आहे. तेथे होज कापून त्याचे टोक फिरवण्याचीच पद्धत वापरणार आहे, कारण ब्रेकचे होजही बदलायचेच आहेत. नटांच्या मागच्या तोंडांना आजपासून तेल घालायला सुरुवात केली आहे.